फॉर्मच्या रकान्याजवळ सूचना कशी लिहायची: पहिल्यांदाच ऑनलाइन फॉर्म बनवणाऱ्यांसाठी

ऑनलाइन फॉर्म बनवायचं काम हल्ली कुणाच्याही गळ्यात पडतं. मंडळातल्या ज्या पोराला कम्प्युटरमधलं जरा कळतं त्याच्या, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या, क्लासच्या ऑफिसातल्या मॅडमच्या, नाहीतर नुकत्याच नोकरीला लागलेल्या फ्रेशर डेव्हलपरच्या. आणि बहुतेक जण सुरुवात एकाच गोष्टीने करतात: फॉर्मच्या डोक्यावर एक भलामोठा परिच्छेद, "कृपया खालील सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात", त्याखाली बारा-पंधरा मुद्दे, अर्धे ठळक अक्षरात, दोन लाल रंगात. ते कोणी वाचत नाही. वाचलं तरी नवव्या रकान्यापर्यंत पोचेस्तोवर डोक्यातून गेलेलं असतं, आणि मग ऑफिसात फोन येतो की आयएफएससी म्हणजे काय हो, कुठे असतो तो.

समजायला सोपं जावं म्हणून एक फॉर्म धरून चालू. समजा दादरमधली एक छोटी संस्था आहे, दहावी झालेल्या मुलांना शिष्यवृत्ती देते, आतापर्यंत कागदी फॉर्म होता आणि यंदा ऑनलाइन करायचाय. भरणारे कोण? लालबागच्या चाळीतला मुलगा मोबाइलवर, भांडुपची एखादी आई कामावरून येताना लोकलमध्ये एका हाताने, आणि बरेच जण झेरॉक्सच्या दुकानात, जिथे दुकानवाला टाइप करतो आणि हे शेजारी उभं राहून सांगतात. या तिघांना डोळ्यासमोर ठेवूनच पुढचं वाचा.

आधी रकाने कमी करा, सूचना नंतर

सगळे रकाने एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकासमोर विचारा, हे आपल्याला खरंच लागतं का. जन्मतारीख घेताय तर वय कशाला? जो रकानाच नाही त्याला सूचना लागत नाही, यापेक्षा चांगली सूचना दुसरी नाही.

मुंबईत याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे "तालुका". कुठल्यातरी जुन्या फॉर्मवरून कॉपी केलेला असतो आणि वर सक्तीचा केलेला असतो. आता मुंबई शहर जिल्ह्यात तालुकेच नाहीत. १९९० साली उपनगर जिल्हा वेगळा झाला, त्याला तीन तालुके आहेत, कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली. म्हणजे परळच्या माणसाने तिथे काय लिहायचं? तो "परळ" लिहितो, नाहीतर "मुंबई", नाहीतर एक टिंब देऊन पुढे जातो. मुलुंडवाल्याला माहीतच नसतं की तो कागदोपत्री कुर्ला तालुक्यात राहतो, आणि "जिल्हा" या रकान्यात दहिसरचा माणूस कधी मुंबई लिहितो कधी ठाणे. यावर तीन ओळींची सूचना लिहिता येईल, पण ती लिहू नका. जिल्ह्यासाठी ड्रॉपडाउन द्या, म्हणजे टॅप केल्यावर उघडणारी यादी, मुंबई शहर निवडलं की तालुका गायब, मुंबई उपनगर निवडलं की तीन पर्याय दाखवा. आणि संस्थेला तालुक्याचं काही काम नसेल तर उडवूनच टाका ना.

आधार नंबरचंही तेच. सगळे मागतात म्हणून आपणही मागायचा असं नसतं. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा माहिती कशासाठी घेताय ते सांगायला लावतो आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो, त्यामुळे "असू दे, पुढे कधीतरी लागेल" हे कारण चालणार नाही.

मग लेबल नीट लिहा

लेबल म्हणजे बॉक्सच्या वर जे नाव असतं ते. अर्ध्या सूचना लेबल आळशीपणे लिहिल्यामुळे लागतात. "नाव" असं लेबल असलं की कुणाचं नाव, विद्यार्थ्याचं का पालकांचं का जो फॉर्म भरतोय त्याचं? झेरॉक्सवाला हमखास विचारतो, कोणाचं टाकू. तिथे सरळ "विद्यार्थ्याचं पूर्ण नाव" लिहा, संपला विषय.

पण या एका रकान्याला सूचना खरंच लागते. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधार कार्डावर सहसा स्वतःचं नाव आधी, आणि तुम्ही नंतर मार्कशीटशी जुळवून बघणार असाल तर ते आधीच सांगायला हवं. "दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच, आडनाव आधी." बस एवढं. याच्यापुढे "अन्यथा अर्ज बाद करण्यात येईल" वगैरे धमक्या जोडायची काही गरज नाही, वाचणाऱ्याने अजून काही केलेलं नाही बिचाऱ्याने.

सूचना कुठे ठेवायची

लेबल आणि बॉक्स यांच्या मधे. बॉक्सच्या खाली ठेवायचा मोह होतो, दिसायलाही बरं दिसतं, पण मोबाइलवर बॉक्सवर टॅप केलं की खालून कीबोर्ड वर येतो, ब्राउझर जुने पत्ते-नंबर सुचवायला लागतो, आणि तुमची सूचना नेमकी त्याच्यामागे दडते. म्हणजे जेव्हा हवी तेव्हाच नाही. स्टेशनवरचा इंडिकेटर जसा प्लॅटफॉर्मवर उभं असतानाच वर दिसतो, तिकीट खिडकीवर दिला असता तर वर चढून येईपर्यंत कुणाच्या लक्षात राहिला असता, तसंच हे.

बॉक्सच्या आत जे फिकट राखाडी अक्षरात लिहितात त्याला प्लेसहोल्डर म्हणतात, आणि नवीन लोकांचं ते सगळ्यात लाडकं असतं कारण जागा वाचते. सूचनेसाठी ते वापरू नका. एक अक्षर टाइप केलं की ते गायब, मग बघायचं असेल तर टाइप केलेलं खोडा. काहींना ते आधीच भरलेलं उत्तर वाटतं आणि ते तसंच सोडून पुढे जातात. शिवाय रंग इतका फिका असतो की उन्हात, प्लॅटफॉर्मवर उभं राहून, पन्नाशीच्या डोळ्यांना दिसायचंच नाही. वेबच्या ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचा, जो जगभर मानला जाणारा नियमसंच आहे, डब्ल्यूसीएजी, त्यात साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात कमीत कमी ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्याचा फरक, सांगितलाय. तुमच्या राखाडीचा किती येतो ते ऑनलाइन फुकटात तपासता येतं. यूके सरकारची डिझाइन सिस्टीमसुद्धा प्लेसहोल्डर टाळायलाच सांगते आणि सूचना लेबलच्या खाली, बॉक्सच्या वर ठेवते.

आणि ते गोल प्रश्नचिन्हाचं आयकन, ज्यावर माउस नेला की माहिती उगवते? मोबाइलवर माउस कुठून आणणार. अगदीच थोड्या लोकांना लागणारी आणि जरा मोठी माहिती असेल, उदाहरणार्थ उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा, तर रकान्याजवळ "हा दाखला नसेल तर?" अशी एक ओळ द्या जी टॅप केल्यावर तिथल्या तिथे उघडते. ज्याला हवं तो उघडेल, बाकीच्यांच्या वाटेत येत नाही. फक्त ती ओळ बोटाला सापडेल एवढी मोठी ठेवा, डब्ल्यूसीएजीच्या २०२३ मधल्या २.२ आवृत्तीत अशा गोष्टींसाठी निदान २४ बाय २४ पिक्सेल म्हटलंय, मी तर म्हणेन त्याहून मोठीच ठेवा.

सूचनेत काय लिहायचं

माझ्या मते सूचनेत लिहिण्यासारखं फार थोडं असतं: ती माहिती कुठे सापडेल, ती कशी लिहायची, आणि कधीकधी ती कशाला हवीये. याच्यात न बसणारं वाक्य सहसा खोडता येतं. "इथे आपला मोबाइल नंबर टाका" हे तर खोडाच, लेबलवर मोबाइल नंबर लिहिलंय की.

आपल्या फॉर्ममधले अवघड रकाने एकेक करून बघू.

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड. यात "कुठे" महत्त्वाचं. "पासबुकच्या पहिल्या पानावर किंवा चेकवर छापलेला असतो, ११ अक्षरं-आकडे." यातलं पाचवं अक्षर कायम शून्य असतं आणि लोक तिथे हमखास इंग्रजी ओ टाकतात. हे सूचनेत लिहायचं का? नाही. पाचव्या जागी ओ आला की प्रोग्रामने गुपचूप शून्य करावा, ते माणसाला शिकवण्यात काय अर्थ आहे.

वार्षिक उत्पन्न. इथे "कसं" महत्त्वाचं. कोणी १.८ लिहितं, कोणी १,८०,०००, कोणी "दीड-दोन लाख", कोणी महिन्याचा पगारच लिहून मोकळं होतं. सूचना: "तहसीलदारांच्या दाखल्यावरचा आकडा, पूर्ण रुपयात. उदा. १८००००". उदाहरण एक असलं की अर्धं पान समजावणं वाचतं, मात्र उदाहरण खरं वाटेल असं द्या, १२३४५६ असं नको.

पालकांचा मोबाइल नंबर. इथे "कशाला". मुलगा घरी बसून फॉर्म भरतोय, नंबर टाकला बाबांचा, बाबा गेलेत बीकेसीला कामावर आणि मीटिंगमध्ये फोन सायलेंटवर, ओटीपी आला आणि पाच मिनिटांत संपला. "या नंबरवर लगेच ओटीपी येईल, तो फोन जवळ असू द्या." ही एक ओळ नंबर टाकायच्या आधी दिसली पाहिजे, नंतरच्या पानावर दिसून उपयोग नाही.

जन्मतारीख. कॅलेंडर उघडणारा बॉक्स देऊ नका, २००९ पर्यंत मागे जाता जाता बोट दुखतं. दिवस, महिना, वर्ष असे तीन छोटे बॉक्स आणि वर "उदा. २७ ११ २००९", की दिवस आधी का महिना आधी हा प्रश्नच येत नाही.

पिन कोड. पत्ता "दादर, मुंबई - २८" असा लिहायची सवय अजून खूप जणांना आहे, त्यामुळे पिन विचारला की ते २८ लिहितात, ४०००२८ नाही. "६ आकडी" एवढे दोन शब्द पुरतात. आणि पत्त्याचे आठ तुकडे करू नका, फ्लॅट नंबर, बिल्डिंग, रोड असे, कारण चाळीतल्या पत्त्याला त्या साच्यात बसवायला जागाच नसते, खोली नंबर, चाळीचं नाव, अमुक गल्ली, तमुक मंदिरासमोर. एक मोठा बॉक्स, आणि खूण लिहायची सोय.

भाषा आपण समोरासमोर बोलतो तशी ठेवा. "अर्जदाराने बँक खात्याचा तपशील अचूकपणे नमूद करावा" असं कोण कोणाला सांगतं? "खातं विद्यार्थ्याच्या नावाचं हवं, पालकांचं चालणार नाही." हे कळतं, आणि यात अधिक माहितीही आहे. एक वाक्य, फार तर दोन.

जे मशीनला जमतं ते माणसाला सांगू नका

"स्पेस देऊ नये", "+९१ लावू नये", "फक्त कॅपिटल अक्षरात" या सगळ्या सूचना म्हणजे प्रोग्रामरने कंटाळा केला त्याची पावती. आधार नंबर कार्डावर चार-चारच्या गटात छापलेला असतो, माणूस बघून तसाच टाइप करणार, स्पेस तुम्ही काढा. पॅन लहान अक्षरात आला तर मोठा करून घ्या. मोबाइलच्या आधी शून्य किंवा +९१ आलं तर छाटा.

मराठी फॉर्मवाल्यांसाठी एक खास गोष्ट, जी इंग्रजीत शिकवणाऱ्यांकडे सापडत नाही. ज्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड चालू आहे तो मोबाइल नंबर आपल्या देवनागरी आकड्यांत टाइप करू शकतो, आणि जावास्क्रिप्टमध्ये आकडा ओळखायचा जो नेहमीचा पॅटर्न वापरतात तो फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. परिणाम काय, माणसाने दहाच्या दहा आकडे बरोबर लिहिलेत आणि फॉर्म म्हणतोय नंबर चुकीचा. त्याला कळायला काही मार्गच नाही. यावर "कृपया इंग्रजी आकडे वापरा" अशी सूचना टाकणं म्हणजे मराठी फॉर्म काढून वर मराठी लिहू नका सांगणं. दोन ओळींचा कोड लागतो, देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घ्या आणि मग तपासा.

बाकी कोड लिहिणाऱ्यांसाठी पटापट: नंबराच्या रकान्यांना इनपुटमोड न्यूमरिक (inputmode="numeric") लावा म्हणजे आकड्यांचा कीपॅड येतो. टाइप नंबर (type="number") मात्र मोबाइल नंबर, पिन वगैरेंना लावू नका, तो मोजायच्या-बेरजेच्या आकड्यांसाठी आहे. रकाना कशाचा आहे हे ऑटोकम्प्लिट (autocomplete) मध्ये ठरलेल्या शब्दात लिहिलं तर नाव, पत्ता ब्राउझरच भरतो, ओटीपीसाठीसुद्धा वेगळा शब्द आहे. बॉक्समधली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की आयफोनवर टॅप केल्याबरोबर पान झूम होतं आणि सूचना बाजूला सरकते.

ज्यांना ऐकू येते, दिसत नाही

दृष्टिहीन मुलंही शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात, टॉकबॅक किंवा एनव्हीडीए असा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, लावून. तुमची सूचना बॉक्सच्या वर डोळ्यांना दिसत असली तरी स्क्रीन रीडरला ती त्या बॉक्सची आहे हे वेगळं सांगावं लागतं. सूचनेला एक आयडी द्या आणि बॉक्सवर एरिया-डिस्क्राइब्डबाय (aria-describedby) मध्ये तो आयडी लिहा, मग लेबलनंतर सूचना वाचली जाते. पानाची भाषा मराठी आहे हे लँग मध्ये एमआर (lang="mr") लिहून सांगा, नाहीतर इंग्रजी आवाज मराठी वाचायचा प्रयत्न करतो. आणि सूचनेत लिंक टाकू नका, अशा वेळी ती नुसता मजकूर म्हणून वाचली जाते, ही लिंक आहे हे कळतच नाही.

देवनागरीला ओळींमध्ये जागा जास्त लागते हेही इथेच सांगतो. इंग्रजीसाठी बनवलेल्या डिझाइनमध्ये मराठी सूचना ओतली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. लाइन हाइट, म्हणजे एका ओळीची उंची, अक्षराच्या दीडपट ठेवून बघा.

चूक झाल्यावरचं बोलणं

चूक दाखवणारा संदेश हीसुद्धा सूचनाच असते, फक्त नंतर येणारी. "इनव्हॅलिड इनपुट" ऐवजी "मोबाइल नंबर १० आकडी हवा, तुमचा ९ आकडी आहे". माणूस टाइप करत असताना मधेच लाल करू नका, अजून त्याचे सातच आकडे झालेत, त्याला पूर्ण करू द्या, बॉक्समधून बाहेर पडला की सांगा. मूळ सूचना तशीच राहू दे, कारण आत्ताच तर तिची खरी गरज आहे. नुसता लाल रंगही पुरत नाही, काहींना तो वेगळा ओळखूच येत नाही, शब्दात लिहा. आणि भरलेलं काही पुसू नका! पूर्ण फॉर्म भरून सबमिट केल्यावर एका चुकीसाठी सगळं कोरं करणारे फॉर्म अजून आहेत आणि झेरॉक्सवाला त्याचे पुन्हा पैसे घेतो.

अजून एक, ब्राउझरचे स्वतःचे संदेश ब्राउझरच्या भाषेत येतात, त्यामुळे बाकी सगळा फॉर्म मराठीत आणि मधेच इंग्रजीत फुगा उगवतो. ते बंद करून आपले लिहा.

फाइल अपलोड

मर्यादा फाइल निवडायच्या आधी सांगा, नंतर नाही. "मार्कशीटचा फोटो किंवा पीडीएफ, ५ एमबीपर्यंत. मोबाइलने काढलेला फोटो चालेल, चारही कोपरे दिसू द्या." पन्नास केबीत बसवा असं सांगणाऱ्यांनी एकदा स्वतः करून बघावं. फोटो लहान करायचं काम सर्व्हरला जमतं.

गुगल फॉर्म वापरणार असाल तर

कोड नको असेल तरी यातलं बरंच करता येतं. प्रश्नाच्या खालच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमध्ये डिस्क्रिप्शन चालू केलं की प्रश्न आणि उत्तर यांच्या मधे सूचनेची ओळ मिळते, म्हणजे जागा बरोबर. तिथेच रिस्पॉन्स व्हॅलिडेशन, म्हणजे उत्तर तपासायची सोय आहे, त्यात चूक दाखवणारा संदेश आपल्या शब्दात मराठीत लिहिता येतो, तो रिकामा सोडू नका. फाइल अपलोडचा प्रश्न टाकलात तर भरणाऱ्याला गुगल अकाउंटने लॉगिन करावं लागतं, झेरॉक्सच्या दुकानात हे अडतं, तेव्हा ती गोष्ट फॉर्मच्या सुरुवातीलाच सांगा.

सुरुवातीला सांगण्यासारखं हेच असतं खरं तर: जे मधेच उठून आणता येणार नाही ते. कोणती कागदपत्रं हाताशी हवीत, शेवटची तारीख, अर्धवट सेव्ह होतं का नाही. चार ओळी. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या रकान्यापाशी.

लोकांना द्या आणि गप्प बसा

फॉर्म तयार झाला की ज्यांनी तो बनवलेला नाही अशा तीन-चार जणांना भरायला द्या, स्वस्तातला अँड्रॉइड फोन, अक्षरं मोठी केलेली. शेजारी बसा पण बोलू नका, हे फार कठीण जातं, जीभ वळवळते. ते कुठे थांबतात, कुठे वर बघतात, काय विचारतात तेवढं लिहून घ्या. दोघांनी एकच प्रश्न विचारला की त्याचं उत्तर म्हणजेच तिथली सूचना, बहुतेक वेळा त्यांच्याच शब्दात. आणि जिथे कोणीच थांबलं नाही तिथली सूचना काढून बघा. जमलं तर जवळच्या झेरॉक्सवाल्याला दाखवा, रोज इतके फॉर्म भरून त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं कुठे लोक अडकतात.

फॉर्म सुरू झाल्यावर ऑफिसात येणारे फोन एका वहीत लिहायला सांगा, कोणत्या रकान्याबद्दल होता एवढंच. आठवड्याने वही बघून सूचना बदला. सगळ्या सूचना एका शीटमध्ये ठेवा आणि ज्यांच्यात वर्ष, तारीख किंवा रक्कम आहे त्या वेगळ्या रंगात करा, कारण पुढच्या वर्षी हाच फॉर्म कोणीतरी दुसरा कॉपी करणार आहे आणि त्याला "२००९" असलेलं उदाहरण कुठे कुठे बदलायचं ते शोधत बसावं लागू नये.